आत्यानं पुरलेली डबी

माझं अपेंडिक्स आठ दिवस आत्याच्या अंगणात पुरलेलं होतं. हे वाक्य मी नागपूरच्या डॉक्टरांसमोर पहिल्यांदा बोलले तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, बाई शुद्धीवर आहे ना, अशा नजरेनं. होते मी शुद्धीवर. आज जिवंतही आहे, आणि त्याचं कारण ते पुरणंच आहे. म्हणून हे लिहायला बसले.

मी दारव्ह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या वर्गात अवशेषांगांचा धडा आला की मी फळ्यावर मोठ्या आतड्याची आकृती काढते, तिच्या खालच्या टोकाला गांडुळाएवढी एक शेपटी जोडते आणि सांगते की हे आंत्रपुच्छ, माणसाला याचा काही उपयोग उरलेला नाही, परीक्षेत एका मार्काला येतं. इतकी वर्षं हे मी इतक्या ठसक्यात सांगत आले की स्वतःच्या पोटातल्या त्या शेपटीबद्दलही माझं मत तेवढंच होतं, एका मार्काचं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. तिसऱ्या तासाला बेंबीभोवती कळ आली. उरलेला फराळ संपवण्याची जबाबदारी घरात माझ्याच एकटीवर असते, त्यामुळे मी चिवड्याला दोष दिला आणि तास पुढे चालू ठेवला. मधल्या सुट्टीपर्यंत कळ बेंबी सोडून उजवीकडे खाली उतरली. बरोबर त्याच जागी, जिथे मी फळ्यावर शेपटी काढते. दुखण्यानं मी वाकले होते आणि तरी मनात एक आगाऊ आनंद होता की रोगाचं निदान मी केलं, कुणी डॉक्टरनं नाही.

नवऱ्याचं दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. तो गाडी घेऊन आला. शाळेपासून सर्जन डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत चार गतिरोधक आहेत हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी पोट दाबलं तेव्हा दुखलं आणि हात झटकन उचलला तेव्हा त्याहून जास्त दुखलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या. सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं. ताप होता, उलटी झाली होती. पुस्तकात जे जे लिहिलेलं असतं ते सगळं माझ्या अंगावर हजर होतं.

"अपेंडिक्सच आहे मॅडम. आजच काढून टाकू," डॉक्टर म्हणाले.

"मी दुपारीच ओळखलं होतं," मी म्हणाले. अशा वेळीसुद्धा माझी जीभ गप्प राहत नाही.

नवऱ्यानं आत्याला फोन केला आणि ती आर्णी रस्त्यावरच्या आमच्या गावाहून मिळेल त्या जीपनं आली. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. मी बारा दिवसांची असताना आई गेली. आत्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, नवराही लवकर वारला होता. तिनं मला उचललं आणि वाढवलं. तीसचाळीस वर्षं ती गावाची सुईण होती. गावातले आजचे कर्ते पुरुष, मिशा पिळणारे, सगळे तिच्याच हातावर जन्मलेले. आता बाळंतपणं सरकारी दवाखान्यात होतात, त्यामुळे ती रिकामी झाली आहे, पण दवाखाना म्हटलं की तिची पावलं अजून आपोआप झपाझप पडतात.

ऑपरेशन संध्याकाळी झालं. आमच्या भागात एक पद्धत आहे. पोटातून काही काढलं की डॉक्टर नातेवाईकांना दाराशी बोलावून ट्रेमध्ये ते दाखवतात. दाखवलं नाही तर लोक म्हणतात, कापलं फक्त, काढलं काहीच नाही. नवऱ्यानं ट्रेमध्ये एकदा पाहिलं आणि तो बाकावर जाऊन बसला, तोंडावरचा रंगच गेला त्याच्या. दिवसभर ग्रीसमध्ये हात घालणारा माणूस. आत्या मात्र पुढे झाली. तिनं विचारलं, "हात लावू काय, डॉक्टर?" डॉक्टर तिला पूर्वीपासून ओळखत होते. अडलेल्या बायका घेऊन ती त्यांच्याकडे कैकदा आलेली. त्यांनी तिला हातमोजा दिला.

आत्यानं तो तुकडा दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाली, "हे निरं सुजलेलं नाही वाटत मले. बुडाशी दगडावानी लागून राह्यलं."

"मलाही तसंच लागलं, आई," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तो तुकडा पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत ठेवला, वरून नाकाला झोंबणारं औषध ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि कागद लिहून नवऱ्याच्या हातात दिला. डबी यवतमाळच्या लॅबमध्ये न्यायची, तिथे तपासून अहवाल देतील. आमच्याकडे अशा डब्या नातेवाईकच नेऊन देतात.

हे सगळं मला नंतर कळलं. मी तेव्हा कमरेतल्या इंजेक्शनच्या अमलाखाली छताचा पंखा मोजत होते. एकच पंखा होता, पण मी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला तरतरी आली आणि ती आली तीच वाईट. नवरा यवतमाळला निघण्याच्या तयारीत उभा होता, हातात कागद.

"कुठे चालला?" मी विचारलं.

"ते तपासाले देऊन येतो."

"अपेंडिक्सला काय तपासायचं त्यात? सुजलं होतं, काढलं, संपलं. त्या अवयवाचा उपयोगच नसतो. टेस्ट लिहिल्याशिवाय या डॉक्टर लोकांना जेवण जात नाही. दुकान उघड जाऊन, दोन दिवस बंद आहे."

"मंग याचं काय करू?"

"टाकून द्यायला सांग सिस्टरला."

माझा नवरा गुणी माणूस आहे. विज्ञानातलं काही असलं की तो माझा शब्द खाली पडू देत नाही. त्यानं सिस्टरला जाऊन सांगितलं, मॅडम म्हणतात टाकून द्या. डॉक्टर त्या वेळी दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. सिस्टर म्हणाली, तर मग पिवळ्या पिशवीत जाईल. आत्या तिथेच उभी होती. तिनं हात पुढे केला.

"फेकू नोको व माय. दे इकडे मले."

"कायले पायजे तुमाले?"

"अंगातलं हाय पोरीच्या. कचऱ्यात कायले टाकतं?"

आत्या काही अंगारेधुपारे करणारी बाई नाही. आमचं घर बौद्ध. वडिलांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून नवस, उतारे, भगत सगळं दाराबाहेर गेलं. पण बाळंतिणीची वार, म्हणजे बाळामागून पडणारा नाळेचा गोळा, कुत्र्यामांजराच्या तोंडी जाऊ द्यायची नाही, खोल खड्डा करून अंगणात पुरायची आणि वर दगड ठेवायचा, हे तिनं आयुष्यभर केलं. त्यात तिला श्रद्धा अंधश्रद्धा काही दिसत नव्हतं. रीत होती आणि स्वच्छता होती. तिनं डबी पदराखाली घेतली, दुपारच्या जीपनं गावी गेली, डबी पुरली आणि संध्याकाळच्या जीपनं परत माझ्या उशाशी येऊन बसली. मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चार दिवसांनी मी घरी आले, ती तिच्या गावी गेली.

नवव्या दिवशी टाके काढायला गेलो. डॉक्टरांनी एकेक टाका काढता काढता सहज विचारलं, "रिपोर्ट आणला का?"

"तो आम्ही केलाच नाही," मी म्हणाले. आवाजात थोडा तोराच होता, खोटं कशाला बोलू.

डॉक्टरांचा हात थांबला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला उलट बोलायला काही मिळालं असतं. त्यांनी राहिलेला टाका काढला, पट्टी लावली, हात धुतले आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"मॅडम, तुमच्या अपेंडिक्सच्या बुडाशी घट्ट, पिवळसर गाठ होती. अपेंडिक्समध्ये गाठी क्वचित होतात. मी इतक्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्या असतील. पण झाल्या की त्या असंच सोंग घेतात. गाठीनं तोंड बंद होतं, अपेंडिक्स सुजतं, ताप येतो, पेशी वाढतात. बाहेरून साधं अपेंडिक्सच दिसतं, पोट उघडल्यावरही खात्रीनं सांगता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तरच कळतं. गाठ कोणती, केवढी, कुठवर गेली, यावरून ठरतं की आहे एवढ्यावर भागलं की पुन्हा ऑपरेशन करायचं. तो तुकडा नसेल तर मी तुम्हाला काहीच सांगू शकत नाही. फोटो काढून वाट पाहायची, आणि फोटोत दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल."

शाळेच्या प्रयोगशाळेत एक सूक्ष्मदर्शक आहे. दरवर्षी मी मुलांना त्याखाली कांद्याची साल दाखवते आणि सांगते, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, भिंगातून पाहा. ती मी.

"तुकडा कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"टाकला," मी म्हणाले.

"नाही," नवरा म्हणाला. "आत्यानं नेलता. गावाले. पुरला म्हणे."

माणूस घाबरला की त्याला ओरडायला कुणीतरी लागतं. मला आत्या मिळाली. जीपमध्ये तीन बायकांच्या मध्ये पोट धरून बसले होते आणि गावापर्यंत एकच विचार करत होते, पुरला! जमिनीत पुरला! आता काय राहिलं असेल त्यात? आत्या अंगणात सोयाबीन पाखडत होती. मला दारात पाहून उठली, चेहरा फुलला तिचा. मी बसलेसुद्धा नाही.

"कुणाले विचारून नेलं तू ते? दवाखान्यातली वस्तू आणून मातीत गाडतं? अडाणीच्या अडाणी राह्यली तू जलमभर! मी मेलो ना आता, तर तुह्या अडाणीपणापायी मरीन!"

शेजारच्या दोघी बायका कुंपणाशी आल्या होत्या. त्यांच्यादेखत बोलले. ज्या बाईनं मला बोंडल्यानं दूध पाजून जगवलं, तिला.

आत्यानं सूप खाली ठेवलं. घरात जाऊन सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आली. नवरा पुढे झाला तर त्याला म्हणाली, "राहू द्या जवाई. म्या ठेवलं, मीच काढतो." न्हाणीच्या पलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात एक चपटा दगड होता. तो तिनं सरकवला आणि उकिडवी बसून खणू लागली. सत्तरी ओलांडलेली बाई. मी उभी राहून पाहत होते आणि माझा राग अजून उतरला नव्हता, हे मला आज लिहितानाही लाजिरवाणं वाटतं.

हातभर खोल गेल्यावर मेणकापड दिसलं. त्याच्या आत जुन्या लुगड्याची चिंधी, तिच्यावर सुतळीचे आठदहा वेढे, आणि आत डबी. झाकण डॉक्टरांनी लावलं होतं तसंच घट्ट. औषध काठोकाठ. तुकडा त्यात जसाच्या तसा.

"उघडली नाही काय?" नवऱ्यानं विचारलं.

"डॉक्टरानं बंद केलेलं म्या काहून उघडू?" आत्या म्हणाली. तिनं डबी बाहेरून धुतली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात न देता नवऱ्याच्या हातात दिली.

यवतमाळला जाताना रस्त्यात नवरा हळूच म्हणाला, "एक सांगू काय? फेकून दे म्हणून तूच म्हणलं होतं. तिनं नेलं नसतं तं आज खोदाले काही नसतं."

लग्नाला अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत या माणसानं मला एवढं खरं कधी ऐकवलं नव्हतं. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, वेचणाऱ्या बायका ओळीनं चालल्या होत्या. मला रडू आलं आणि शेजारच्या बाईनं विचारलं, पोट दुखते काय? मी हो म्हणाले.

लॅबमधल्या माणसानं डबीच्या झाकणाखालच्या खाचेत अडकलेली माती पाहिली आणि आमच्याकडे पाहिलं. पण औषधात बुडालेला तुकडा टिकतो, त्याला मातीनं काही होत नाही, असं तो म्हणाला. आठवड्यानं अहवाल आला. गाठ होती. नाव लांबलचक होतं. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं की ही कर्करोगाच्या कुळातली, पण सावकाश चालणारी गाठ आहे. मात्र दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे आणि बुडाशी कापलेल्या कडेपर्यंत पोचलेली आहे. मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढावा लागेल. नागपूरला जा, उशीर करू नका.

महिन्याच्या आत नागपूरला दुसरं ऑपरेशन झालं. काढलेल्या भागाबरोबरच्या एका गाठोळीत, म्हणजे आतड्याजवळच्या लसीकाग्रंथीत, तो आजार पोचायला लागला होता. एकाच. बाकी सगळं स्वच्छ निघालं. तिथले डॉक्टर सुट्टी देताना म्हणाले, "साधं अपेंडिक्स म्हणून पुष्कळ लोक तपासायला पाठवतच नाहीत. वेळेवर सापडलं तुमचं. ज्यानं तो नमुना सांभाळला त्याचे आभार माना." तेव्हाच मी त्यांना पुरण्याचं सांगितलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

आत्या नागपूरला आली नव्हती. मी बोलावलंच नव्हतं. फोन लावायचा धीर होत नव्हता. नवरा सांगायचा, ती रोज शेजारणीच्या फोनवरून विचारते, जेवली काय, चालली काय, आणि माझ्याशी बोलायचं का म्हटलं की म्हणते, नोको, तिले आराम करू द्या.

नागपूरहून परतताना मी नवऱ्याला म्हणाले, घरी नंतर, आधी गावी चल. दुपारचे चार वाजले असतील. आत्या दाराशी बसली होती. शेजारणीही होत्या, आणि मला त्या हव्याच होत्या. ज्यांच्यादेखत बोलले त्यांच्यादेखतच परत घ्यायचं होतं.

मी तिच्या पायाशी बसले. पोटाला ओढ बसत होती तरी बसले. "आत्या," मी म्हणाले, "फेकून द्या म्हणून म्या सांगतलं होतं. शिकलेली मी. तू ठेवलं म्हणून मी वाचलो. अडाणी मी होतो, तू नाही."

शेजारणी एकमेकींकडे पाहू लागल्या. आत्यानं मान हलवली.

"म्या काही तपासाले ठेवलं नव्हतं, पोरी. मले काय समजते त्यातलं. उगी मोठेपणा देऊ नोको मले." मग शेजारणी ऐकत आहेत याची पर्वा न करता बोलली. "तुह्या मायच्या वक्ती म्या वार पाह्यली नाही. पुरी आली का नाही ते पाहा लागते. हातात घेऊन, उलटी करून, कडा जुळवून पाहा लागते. दुसऱ्या घरून बलावणं आलतं, म्या घाई केली, तशीच पुरली. तुकडा आत राह्यला. बारा दिवस ताप. तवापासून कोणत्याबी बाईच्या अंगातून काही निघालं तं म्या पाह्यल्याबगर सोडलं नाही, अन् कोणाले फेकू देल्लं नाही."

मला बेचाळीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. आई तापानं गेली, एवढंच मला माहीत होतं. माझ्या ओठांवर शंभर गोष्टी आल्या. की असं मोठ्या दवाखान्यातही होतं, की त्या काळी औषधं नव्हती, की यात तिचा दोष नाही. सगळं बरोबरच होतं. मी त्यातलं एकही बोलले नाही. माझ्या आयुष्यात मी वेळेवर गप्प बसले ती बहुधा हीच वेळ. मी तिचे दोन्ही हात धरले, खणून खणून टणक झालेले, आणि मला फक्त इतकंच वाटत होतं की या हातांनी मला दोनदा जगवलं आणि मी एकदाही थँक्यू म्हटलेलं नाही.

"आत्या," मी म्हणाले, "मी हाओ न."

तिनं हात सोडवून घेतले. माझा चेहरा धरला, खांदे चाचपले, दंड दाबून पाहिले, पोटावरची पट्टी लुगड्याच्या पदरानं झाकावी तशी माझ्या ओढणीनं झाकली. वीतभर आतडं नागपूरला ठेवून आलेली मी तिच्यासमोर बसले होते. ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

"हाव," ती म्हणाली. "पुरी हाय तू."